मेणबत्ती साच्यात बिघडते तेव्हा

साचा उघडला, मेणबत्ती अखंड बाहेर आली, पण बुडाशी वातीभोवती बोट जाईल एवढा खड्डा दिसला, की पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, मेण कमी पडलं. पुढच्या वेळी तो साचा काठोकाठ भरतो. खड्डा तरीही पडतो. घरी मेणबत्त्या करणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार भेटते. ती नीट समजली तर पुढच्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ आपोआप उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

घट्ट पॅराफिन मेणाचं वजन दर मिलिलिटरला साधारण ०.९ ग्रॅम भरतं. तेच मेण वितळून ८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की दर मिलिलिटरला ०.७७ ग्रॅमच उरतं. समजा तुमच्या साच्यात २०० मिलिलिटर पाणी मावतं. तो गरम मेणाने काठोकाठ भरलात तर आत गेलं १५४ ग्रॅम मेण. हे मेण गार होऊन घट्ट झालं की त्याला जागा लागते १७१ मिलिलिटर. उरलेल्या २९ मिलिलिटरचं, म्हणजे जवळजवळ दोन मोठे चमचे भरून जागेचं, काय होणार? तीच जागा खड्डा होऊन बाहेर येते. मेण कितीही चांगलं असो, हात कितीही सरावलेला असो, हा हिशेब चुकत नाही.

पाण्याचा बर्फ होताना फुगतो, त्यामुळे गोठणं म्हणजे फुगणं अशी आपल्या डोळ्यांना सवय असते. मेणाचं उलट आहे. वितळलेल्या मेणात घट्ट मेणाचा तुकडा टाकून बघा, तो सरळ तळाशी जातो. शिवाय हे आकसणं गोठण्याच्या क्षणी संपतही नाही. पॅराफिन म्हणजे कार्बनच्या लांब, सरळ साखळ्या. मेण गोठलं तरी आधी या साखळ्या आपल्या जागी सैलसर गिरक्या घेऊ शकतात. तापमान आणखी काही अंशांनी उतरलं की त्या एकमेकींना चिकटून घट्ट रचल्या जातात आणि मेण दुसऱ्यांदा आकसतं. वरून पक्की दिसणारी मेणबत्ती तासाभराने पुन्हा खचते, त्याचं हे कारण.

आता खड्डा मधोमधच का पडतो? मेण उष्णता फार हळू वाहून नेतं. साच्याच्या भिंतीला टेकलेलं मेण काही मिनिटांत घट्ट होतं, मग वरचा हवेला लागलेला पापुद्रा जमतो, आणि पोटातलं मेण मात्र या दोन्हींच्या आत बराच वेळ गरम, पातळ राहतं. ते शेवटी आकसू लागतं तेव्हा त्याला भर घालायला कुणी नसतं. मग एक तर वरचा पापुद्रा आत ओढला जातो, किंवा पापुद्रा जाड असेल तर पोटात पोकळी राहते. चौकोनी साच्यात कधीकधी बाजूची सपाट भिंतच आत खेचली जाऊन मेणबत्तीला पोचा पडतो.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत लोखंड ओतणाऱ्या कारागिराला हे सगळं नव्याने सांगावं लागणार नाही. तो साच्याच्या वरच्या अंगाला रायझर ठेवतो, म्हणजे वितळलेल्या धातूचा जादा साठा. नग आकसत जातो तसा हा साठा त्याला भर पुरवतो. मेणबत्तीत रायझरचं काम आपल्याला हाताने करावं लागतं, म्हणजेच दुसऱ्यांदा आणि मोठ्या साच्यात तिसऱ्यांदा मेण ओतून.

त्यासाठी मेण तोलतानाच हिशेब करा. साच्यात मावणाऱ्या पाण्याच्या मिलिलिटरना ०.९ ने गुणलं की लागणारं मेण ग्रॅममध्ये मिळतं. वरच्या साच्याला १८० ग्रॅम. त्यातलं १५४ ग्रॅम पहिल्या ओतीत जाईल आणि साधारण २५ ग्रॅम भरीसाठी बाजूला राहील. वर पापुद्रा धरला, बोटाने हलकं दाबलं तर तो लवतो पण फुटत नाही, अशा वेळी दाभणाने किंवा विणायच्या बारीक सुईने वातीभोवती तीन-चार भोकं पाडा. भोकं साच्याच्या भिंतीपासून लांब ठेवा आणि सुई पार टोकापर्यंत घुसवू नका. थोड्या थोड्या वेळाने ती पुन्हा मोकळी करत राहा. पोटातलं मेण खाली बसलं की भरीचं मेण पहिल्या ओतीपेक्षा पाचेक अंश जास्त गरम करून हळूहळू ओता. ते जास्त गरम हवं, म्हणजे आधीच्या मेणाचा पृष्ठभाग किंचित वितळून दोन्ही एकजीव होतात. गार भर वर नुसती बसते आणि पुढे चकतीसारखी निघून येते.

एक गोष्ट इथे हमखास बिघडते. भर पहिल्या ओतीच्या रेषेच्या वर गेली, की गरम मेण मेणबत्ती आणि साचा यांच्यामधल्या फटीत उतरतं. आकसण्यामुळे ती फट नुकतीच तयार झालेली असते आणि तिच्याच जोरावर मेणबत्ती पुढे साच्यातून सुटणार असते. ती बुजली की मेणबत्ती अडकते आणि निघालीच तर अंगावर पातळ पापुद्रे घेऊन निघते. म्हणून भर पहिल्या रेषेच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबवा. बहुतेक साच्यांत मेणबत्ती उलटी असते, म्हणजे उघडं तोंड हे तिचं बूड. ते थोडं खोल राहिलं तरी गरम तव्यावर कागद ठेवून त्यावर फिरवलं की सपाट होतं.

भर घालायची नेमकी वेळ घड्याळावर सांगता येत नाही. खोली, साच्याची जाडी, मेणाची जात, सगळ्यांवर ती ठरते. हे काम हातांना जास्त कळतं. साच्याला बाहेरून मनगटाची आतली बाजू लावली की आत किती ऊब उरली आहे ते समजतं. महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांनी दृष्टी गेल्यावर मेणबत्त्यांचा उद्योग उभा केला आणि त्यात अनेक दृष्टिहीन कारागिरांना काम मिळालं, हे अनेकांना माहीत असेल. मला त्यात केवळ जिद्दीची गोष्ट दिसत नाही. हे काम स्पर्शावर शिकता येतं, याचा तो भक्कम पुरावा आहे.

आणि पोटात पोकळी राहिली का, हे बाहेरून कळत नसेल तर एक मेणबत्ती उभी चिरून पाहा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, हळूहळू चिरा. नव्या साच्यातली पहिली मेणबत्ती अशी चिरायचीच, असं मी सुचवेन. पोकळी, हवेचे बुडबुडे, वाकडी वात, तळाशी बसलेला रंग, सगळं एका दृष्टिक्षेपात समोर येतं.

तापमान: साच्याआधी थर्मामीटर

नवा माणूस आधी सुंदर साचे विकत घेतो. माझं ठाम मत आहे की पहिली खरेदी थर्मामीटरची असावी. साच्यातून निघालेल्या मेणबत्तीच्या अंगावर जे काही दिसतं त्यातलं बरंचसं ओततानाच्या तापमानाने लिहिलेलं असतं.

बाजारात मेणबत्तीसाठी मिळणारं शुद्ध पॅराफिन बहुधा ५८ ते ६० अंशांना वितळतं. वितळलं म्हणजे ओतायला तयार झालं, असं नाही. ६५ अंशांचं मेण गार साच्यात ओतलं की भिंतीला लागताक्षणी त्याचा थर जमतो, त्यावर पुढचा थर चढतो, आणि मेणबत्तीच्या अंगावर आडव्या कड्या उमटतात. त्याच कारणाने पृष्ठभाग पांढुरका, भुकटी लावल्यासारखा दिसतो. पॅराफिन ८० ते ८५ अंशांना ओता. धातूचा साचा ओतण्याआधी कोमट करून घ्या, हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्याच्या भांड्यावर धरून. मात्र आत पाण्याचा थेंब राहू देऊ नका. ओतताना साचा थोडा तिरका धरून धार एका बाजूने सोडा आणि न थांबता ओता. मध्ये थांबलात तर तिथे रेघ पडते. ओतून झाल्यावर मिनिटभर थांबून साच्याला बाहेरून लाकडी चमच्याने हलके टोले द्या, म्हणजे भिंतीला चिकटलेले बुडबुडे वर येतात. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात ते याच बुडबुड्यांचे.

भेगांचं कारण याच्या उलट टोकाला असतं. मेणबत्ती लवकर निघावी म्हणून ओतल्यावर थोड्याच वेळात साचा फ्रीजरमध्ये ठेवला जातो. बाहेरचं कवच झपाट्याने आकसतं, आतलं मेण अजून गरम आणि फुगलेलं असतं; कवच तडकतं. कधी ही तड साच्यात दिसत नाही आणि मेणबत्ती बाहेर काढून हातात घेतल्यावर टक्क असा आवाज येतो. साचा खोलीतच निवू द्या. धातूचा साचा पाण्यात उभा करून गार करायची जुनी रीत आहे आणि तिने मेणबत्तीला छान चकाकीही येते, पण पाणी नळाचं साधं घ्या, बर्फाचं नको. पाण्याची पातळी मेणाच्या पातळीएवढी ठेवा आणि वर वजन ठेवा, कारण मेणाने भरलेला साचा तरंगून कलंडतो. फ्रीजचा उपयोग अगदी शेवटी, मेणबत्ती पूर्ण निवल्यानंतर आणि तरीही साचा सोडत नसेल तरच, दहा-पंधरा मिनिटांपुरता.

आपल्याकडे छताचा पंखा ही आणखी एक भानगड. पंख्याखाली ठेवलेल्या साच्याची एक बाजू आधी निवते, मेण तिकडे ओढलं जातं, वात सरकते आणि खड्डा मध्यापासून बाजूला जातो. मेण ओतल्यावर पंखा बंद करा, किंवा साच्यावर मोठा खोका उपडा घाला. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात वाती दमट होतात, साच्यांच्या आत ओल धरते. विदर्भात मे महिन्यात मऊ मेणाच्या उंच मेणबत्त्या कपाटात नुसत्या उभ्या राहूनही वाकतात. मेणबत्ती वाकली तर त्यात ओतण्याची चूक शोधू नका, मेणच तपासा. पॅराफिन खनिज तेलापासून निघतं. आसाममधल्या दिगबोई आणि नुमालीगड इथल्या रिफायनऱ्या ते बनवतात. शुद्धीकरण अपुरं असेल तर मेणात तेलाचा अंश जास्त राहतो. असं मेण स्वस्त मिळतं, बोटांना तेलकट लागतं, नखाने सहज दबतं. त्याच्या मेणबत्तीत हिमकणांसारखी पांढरी नक्षी उमटते, कारण मेण स्फटिकरूप होताना तेल मधल्या फटींत साठतं. काहींना ती नक्षी आवडते. पण ती नको असेल तर कमी तेलाचं, ५८-६० अंशांचं मेण मागून घ्या.

मेण गरम करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र आवडीनिवडीला जागा नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तळाशी एखादी छोटी ताटली किंवा जाळी, तिच्यावर मेणाचं भांडं, आणि गॅस मंद. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जात नाही. थेट आचेवर ठेवलेलं मेण उकळी येऊन इशारा देत नाही. ते गुपचूप तापत जातं, धुरायला लागतं आणि २०० अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. पेटलंच तर गॅस बंद करा, भांड्यावर झाकण सरकवा, आणि भांडं उचलू नका. पाणी कधीही टाकू नका. ते जळत्या मेणाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि त्या वाफेची जागा पाण्याच्या सुमारे सतराशे पट असते. पेटलेलं मेण ती छतापर्यंत उडवते. हातावर गरम मेण सांडलं तर ते ओरबाडू नका, आधी हात वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धरा. लहान मुलं घरात असतील तर त्यांना रंग निवडू द्या, काड्यांवर वाती ताणू द्या. ओतणं मोठ्यांकडेच राहू द्या.

साचा सोडत नाही

जगभर मेणबत्त्या साच्यात घालण्याचा इतिहास हा बराचसा चिकटण्याशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे. मधमाशांचं मेण साच्याला चिकटतं, त्यामुळे युरोपात ते पूर्वी वातीवरून पळीने ओतून, मग पाटावर लाटून मेणबत्त्या करत. गरिबांच्या चरबीच्या मेणबत्त्या साच्यात होत, पण त्या मऊ आणि दुर्गंधी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याने प्राण्यांच्या चरबीतून स्टिअरिक अ‍ॅसिड वेगळं काढलं आणि गे-ल्युसॅक याच्याबरोबर १८२५ मध्ये त्याच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं. पदार्थ कडक, पांढरा आणि वास नसलेला. १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ मॉर्गन याने निवलेल्या मेणबत्त्या दट्ट्याने साच्यातून बाहेर ढकलणारं यंत्र काढलं, आणि पॅराफिन स्वस्त झाल्यावर साच्यातली मेणबत्ती घरोघरी पोहोचली.

तेच स्टिअरिक अ‍ॅसिड आजही घरगुती मेणबत्तीला सोडवतं. पॅराफिनमध्ये वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे १८० ग्रॅमला ९ ते १८ ग्रॅम घाला. मेण कडक होतं, आकसतं चांगलं, दुधाळ दिसतं, साच्याच्या भिंतीपासून सुटतं. फक्त कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ते तापवू नका. तांब्याशी त्याचा संयोग होऊन मेणाला हिरवट छटा येते. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम वापरा.

अडकलेली मेणबत्ती सुरीने उचकटणं हे सगळ्यात वाईट. धातूच्या साच्यावर एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक मेणबत्तीला धरून ठेवतो. तारेच्या घासणीचंही तेच. आधी वातीच्या भोकाचं बूच काढलं का ते बघा. कितीदा तरी मेणबत्ती फक्त तिथल्या गाठीने अडकलेली असते. मग साचा दोन्ही तळव्यांत धरून बाहेरून हलके ठोका. तरीही नाही निघाली, तर थोडा वेळ फ्रीज. शेवटचा उपाय म्हणजे साचा क्षणभर गरम पाण्यात बुडवणं. मेणबत्ती सुटेल पण तिची चकाकी जाईल. साचा धुतलेलं मेणाचं पाणी मोरीत ओतू नका. ते निवू द्या, वर जमलेली साय काढा, मगच पाणी टाका.

सिलिकॉनचे साचे लवतात, त्यामुळे फुलं, शंख, गणपती अशा खाचाखोचांच्या आकारांना तेच सोयीचे. पण सिलिकॉन स्वतः उष्णतेचा मंद वाहक आहे. अ‍ॅल्युमिनियम त्याच्या शेकडो पट वेगाने उष्णता नेतं. म्हणून सिलिकॉनमध्ये मेणबत्ती निवायला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि बाहेरून घट्ट वाटली म्हणून घाई केली की पाकळी साच्यातच राहते. भरलेला सिलिकॉन साचा उचलला की फुगतो, मेणबत्ती पोटाला सुटते. तो आधीच सपाट ताटात ठेवून भरा आणि दोन भागांचा असेल तर रबरबँड लावा, पण आवळून नव्हे.

वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत, दर सप्टेंबरात, मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. बरं झालेल्या किंवा बरं व्हावं अशी आस असलेल्या अवयवाचा आकार भाविक मातेपुढे वाहतात. मेणाचा हात नीट न्याहाळला तर ओतकामातली खरी अडचण दिसते. बोटं बारीक, तळवा जाड. बोटं आधी गोठतात, तळवा शेवटी, आणि दोन्ही जिथे जुळतात तिथे ताण येतो. घरच्या साच्यातही पक्ष्याची मान किंवा फुलाचा देठ नेमका अशाच जागी मोडतो. अशा आकाराला मेण थोडं जास्त गरम ओता, साचा आधी कोमट करा, स्टिअरिक अ‍ॅसिड कमी ठेवा कारण कडकपणाबरोबर ठिसूळपणा येतो, आणि साच्यातून काढताना आधी जाड भाग मोकळा करून बारीक भागाकडे जा.

सोया मेणाबद्दल दोन शब्द, कारण हल्ली ते बरेच जण मागवतात. डब्यात किंवा काचेत ओतायचं सोया मेण साच्यासाठी फार मऊ असतं. साच्याचं म्हणून विकलं जाणारं वेगळं मिश्रण घ्या. त्यावर काही दिवसांनी धुक्यासारखी पांढरी झाक येते. वनस्पतिजन्य मेण हळूहळू आपली स्फटिकरचना बदलतं म्हणून ती येते, तो करणाऱ्याचा दोष नव्हे.

रंग आणि वास

घरात असेल तो रंग मेणात घालून बघायचा मोह होतो. रांगोळीचा रंग आणि गुलाल म्हणजे बारीक भुकटी. ती विरघळत नाही, उलट्या साच्यात खाली, म्हणजे मेणबत्तीच्या टोकाला जाऊन बसते आणि वातीची छिद्रं बुजवते. खाण्याचे रंग पाण्यात विरघळणारे, मेणात त्यांचे ठिपके होतात. मेणखडूही वात बुजवतात. मेणखडूने रंगवलेली मेणबत्ती लुकलुकत विझते, ती यामुळे. तेलात विरघळणारा मेणबत्तीचा रंग मागून घ्या, आणि पातळ मेणाच्या छटेवर विसंबू नका. पांढऱ्या कागदावर एक थेंब गोठू द्या, खरी छटा तीच.

सुगंधी तेल वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवा. जास्त घातलं तर मेण ते धरू शकत नाही, मेणबत्तीला घाम फुटतो आणि हिमकणांची नक्षी परत येते. गुलाबपाण्यासारखं पाणी असलेलं काहीही नको. व्हॅनिलाच्या वासाने पांढरी मेणबत्ती काही आठवड्यांत बदामी होते. तिला सुरुवातीपासूनच तपकिरी रंग दिलेला बरा.

केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या घरी करायचा विचारही करू नका. त्यात मेण नसतं, शोभेच्या दारूचं मिश्रण असतं. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथे अशाच मेणबत्त्या बनवणाऱ्या ठिकाणी आग लागली आणि तिथे काम करणाऱ्या अनेक महिलांचा जीव गेला.

वात, म्हणजे मेणबत्तीची दुसरी परीक्षा

इथवर मेणबत्ती दिसायला निर्दोष झाली. ती जळते कशी, हे वात ठरवते.

समईची वळलेली वात मेणबत्तीत चालत नाही, हे अनेकांना पटत नाही. समईत तेल सतत मिळतं आणि काजळी धरली की आपण काडीने वात सारतो. मेणबत्तीत वात सारायला कुणी बसत नाही. वळलेली वात ज्योतीच्या मधोमध ताठ उभी राहते. तिथे हवा पुरेशी पोहोचत नाही, टोक जळून जात नाही, त्यावर कोळसा साठतो आणि ज्योत धुरकटते. युरोपात पूर्वी यासाठी खास कात्री घेऊन मेणबत्तीपाशी बसावं लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस याने वेणीसारखी विणलेली वात आणली. विणीमुळे तिचं टोक जळताना एका बाजूला वाकतं, ज्योतीच्या बाहेरच्या, हवा भरपूर मिळणाऱ्या भागात जातं आणि तिथे जळून राख होतं. बाजारात मेणबत्तीचा धागा म्हणून मिळतो तो असाच विणलेला सुती हवा. शंका आली तर तुकडा पेटवून पाहा. सुती धाग्याची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते.

धाग्याची जाडी मेणबत्तीच्या रुंदीवर ठरवायची. धागा बारीक असेल तर ज्योत छोटी राहते, भोवतीचं मेण कडेपर्यंत वितळत नाही, ज्योत विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते आणि स्वतःच्याच मेणात बुडून विझते. धागा जाड असेल तर तो गरजेपेक्षा जास्त मेण ओढतो. ज्योत उंच आणि थरथरती, काजळी भरपूर, टोकाला काळी गाठ, आणि मेण बाजूने ओघळतं. प्रत्येक विक्रेत्याचे धाग्याचे क्रमांक निराळे, त्यामुळे तक्त्यावर फार भिस्त नको. एकाच मेणाच्या, एकाच साच्यातल्या तीन मेणबत्त्या तीन जाडीच्या धाग्यांनी करा आणि एकाच खोलीत शेजारी शेजारी जाळा. उत्तर एका संध्याकाळी मिळतं. रंग किंवा सुगंध बदललात की ही चाचणी पुन्हा करावी लागते, कारण दोन्हींमुळे वातीची ओढ बदलते.

पहिल्यांदा पेटवताना मेणबत्तीच्या रुंदीच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण तासभर तरी ती जळू द्या. पाच सेंटिमीटर रुंद असेल तर दोन तास. पहिल्या वेळी लवकर विझवली तर मध्ये खळगा राहतो आणि ज्योत पुढेही त्याच खळग्यात उतरत जाते. दर वेळी पेटवण्यापूर्वी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा. काजळी धरली की लगेच धाग्याला दोष देऊ नका, आधी खिडकी आणि पंखा पाहा. वाऱ्यात हलणारी चांगली ज्योतही धूर सोडते.

तडतड आवाज करत जळणाऱ्या मेणबत्तीत पाणी शिरलेलं असतं, बहुतेकदा वातीतून. धागा साच्यात ओवण्याआधी वितळलेल्या मेणात बुडवा. त्यातून बुडबुडे येताना दिसतील. ते थांबेपर्यंत तो आत राहू द्या, मग ताणून सरळ वाळवा. दमट हवेत हे टाळूच नका. ओवल्यावर खालचं भोक मऊ क्लेने बंद करा आणि वरचं टोक साच्याच्या तोंडावर आडव्या ठेवलेल्या खराट्याच्या काडीला ताणून बांधा. पहिली ओत निवत असताना एकदा वात मधोमध आहे का ते पाहा. मेण आकसताना तिला ओढतं, आणि बाजूला गेलेल्या वातीची मेणबत्ती एका अंगाने वितळून ओघळते.

फसलेल्या मेणबत्त्या टाकायच्या नाहीत. तुकडे करून वात काढून टाका, पाण्याच्या भांड्यावर पुन्हा वितळवा आणि जुन्या सुती कापडातून गाळा. रंगांची भेसळ करू नका. लाल आणि हिरवं एकत्र वितळलं की मातकट तपकिरीच निघतं. पांढरं, पिवळं आणि केशरी एकमेकांत चालतं. वास घातलेलं मेण वेगळ्या डब्यात ठेवा आणि पुन्हा वापरताना नवा सुगंध कमी घाला. मेणात पाणी गेल्याची शंका असेल तर ते भांड्यातच पूर्ण निवू द्या. पाणी जड, ते तळाशी जमतं. मेणाची वडी उलटी करून पाणी ओता, वडीची खालची बाजू कोरडी पुसा, तिथला पांढरट, सच्छिद्र थर खरवडून काढा, आणि मगच ती पुढच्या ओतीला घ्या.